दोन युनिटांचा गूळ

दुपारी एक वाजता शिरोली एमआयडीसीतल्या त्या खानावळीत जागा मिळायची म्हणजे नशीबच लागतं. संयोगिताला मिळाली ती एका अनोळखी तरुणासमोरची खुर्ची. तिनं ताट सांगितलं, पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, कुर्त्याची कड जराशी उचलली आणि पोटाला टेकवून बटण दाबलं. तेराव्या वर्षी डायबेटीस झाला, त्याला आता बारा वर्षं झाली होती. आडोसा शोधणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

समोरच्याचं ताट नुकतंच आलं होतं. पण तो जेवायचं सोडून तिच्याकडंच बघत राहिला.

"काय ओ पावणं, इंजेक्शन घेताना कुणाला बघितलं न्हाय काय?"

"बघितलंय की. आमच्या मामांना हाय शुगर," तो गोंधळून म्हणाला. "पर... एवढ्या ऐटीत न्हाय कुणी घेत."

तिला हसू आलं. तेवढ्यात खानावळीचे मालक बाळासो आतून ओरडले, "भाकरी संपल्या! पंधरा मिनिटं दम धरा!"

संयोगिताचं हसू मावळलं. इन्सुलिन तर आत गेलेलं, आता खाल्लं नाही तर साखर उतरणार, ते काही बाळासोंच्या तव्यासाठी थांबणार नव्हतं. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या होत्या, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण गोळ्या चघळून पोट थोडंच भरतं!

त्या तरुणानं आपलं ताट तिच्यापुढं सरकवलं.

"आन तुमी?"

"मी बसतो की पंधरा मिनिटं... तुमच्याकडं बघत."

"नुसतं बघायला बसू देत न्हाय मी. कांदा फोडा."

त्यानं एकाच बुक्कीत कांदा फोडला. बुक्की जरा जास्तच जोरात बसली, पाकळ्या शेजारच्या टेबलावर उडाल्या आणि तो कानापर्यंत लाल झाला. तिला तो तिथंच आवडला.

उदयसिंह त्याचं नाव. गाव मुरगूड, घरचं गुऱ्हाळ, नोकरी शिरोलीतल्या एका फाउंड्रीत. मग रोज एक वाजता दोघांना शेजारशेजारच्या खुर्च्या मिळायला लागल्या. कशा मिळायच्या, ते बाळासोंनाच माहीत!

"उद्या जरा उशिरा येतो मी," ती सांगायची. कोल्हापूरच्या कितीतरी पोरींसारखी ती 'येते-जाते' म्हणायचीच नाही. तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी न जेवता तिची वाट बघत बसायचा.

तिची साखर उतरली की ती विनाकारण भांडते, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. मग तो आधी फळांचा रस पुढं करायचा, वाद नंतर घालायचा. एका संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून ती म्हणाली, "कट्टाळा आलाय रे. प्रत्येक घासाला अंदाज बांधायचा... ह्यातनं एक दिवस सुट्टी पायजे. एकच दिवस." तो 'होईल सगळं बरं' म्हणाला नाही, कुणाच्या काढ्याचं नावही त्यानं काढलं नाही. नुसता तिचा हात हातात धरून बसून राहिला. त्या संध्याकाळी ती त्याच्या प्रेमात पडली, अगदी नाइलाजानं आणि पूर्णपणे.

जानेवारीत गुऱ्हाळ जोरात असताना तो तिला आईला भेटवायला घेऊन गेला. तानाबाईंनी कोमट गुळाचा हा एवढा गोळा तिच्यापुढं धरला.

"घे पोरी. उदय म्हणत हुता, तुझं डायट का काय ते चालू हाय. काडीवानी हाईस की, डायट कशाला पायजे?"

संयोगितानं उदयसिंहाकडं बघितलं. तो काहिलीतल्या उकळत्या रसाकडं बघत होता.

तिनं त्याला उसाच्या मोळ्यांमागं नेलं. "सांगितलं न्हाईस?"

"सांगणार हुतो गं... पर आई लग्नाला न्हाय म्हणली तर—"

"मग म्हणू दे की! पर सगळं ऐकून म्हणू दे." भरल्या खानावळीत जे तिनं कधी लपवलं नव्हतं, ते तिच्याच माणसानं लपवलं होतं. "तू सांग, न्हायतर मी एसटीनं परत जातो. भांडणार न्हाय... पर परत येणारबी न्हाय."

तो मग तरातरा काहिलीपाशी गेला.

"आई, डायट-बियट काय न्हाय. हिला डायबेटीस हाय. ल्हानपणापासनं. रोज चार इंजेक्शनं घेती. मी लपवलं, चूक माझी. आन... मला हीच पायजे!"

रस ढवळणाऱ्या गुळव्याचा हात थांबला. तानाबाई सावकाश संयोगिताजवळ आल्या.

"रोज चार?"

"चार."

"कोण देतंय?"

"माझी मीच घेतो, काकू."

"दुखतंय?"

"दुखतंय की. पर जमतंय मला."

तानाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि त्या लेकाकडं वळल्या. "अक्कल हाय काय रं तुला? एवढी धीराची पोरगी आन तू डायट सांगतोस! आता हिला गूळ द्यायचा का न्हाय, मला कसं कळायचं?"

"द्या की," संयोगिता डोळे पुसत हसली. "पर एवढाच." तिनं बोट टोचून साखर बघितली, पेनवर दोन युनिटं लावली आणि सगळ्यांसमोर सुई घेतली. मग गुळाचा खडा जिभेवर ठेवला.

उदयसिंह जवळ आला. कपाळावर राख, डोळ्यांत धाकधूक.

"संयोगिता... मग? व्हय का न्हाय?"

तिनं हात वर करून त्याला थांबवलं. सगळं गुऱ्हाळ तिच्या तोंडाकडं बघत होतं.

"दम धर की!" ती कशीबशी म्हणाली. "तोंडात गूळ हाय. एवढा संपला की व्हय म्हणतो."