मागच्या सीटवरची बाई

बावीस वर्षं रुग्णवाहिका चालवतोय. रस्त्यावर मी कधी घाबरलो नाही, आणि त्या दिवशीही घाबरलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आता दिवा जरा जवळ घ्या आणि ऐका.

दुपारचे चार वाजले होते. टायरमध्ये हवा भरून परत येत होतो, तेवढ्यात फोन आला. बेकरीवाल्याच्या छातीत कळ आली होती. त्याला मागे झोपवलं, सिस्टरनं ऑक्सिजन लावला, शेजारी त्याची बायको बसली.

"मामा, फार तर पंधरा मिनिटं आहेत," सिस्टर म्हणाली.

"बारा पुरतील." रस्ता मला तोंडपाठ होता.

नदीवरचा पूल अरुंद आहे. पुढे एक पांढरी गाडी होती, काचा बंद, चालकाच्या कानात गाणी. मी सायरन वाजवला, दिवे मारले. पठ्ठ्या ढिम्म हलेना. ती गाडी मी ओळखली. गेल्या वर्षी याच पुलावर हाच माणूस असाच आडवा राहिला होता आणि माझ्या गाडीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्याच्या गाडीमागे अडकूनच प्राण सोडले. पेशंट गेला की सायरन बंद करायचा, ही आमची रीत. मी बंद केला. तर यानं काच खाली करून हसत विचारलं, "काय, संपली घाई?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मागे बाईंची लेक होती, म्हणून खाली उतरलो नाही.

"दादा... यांचा श्वास..." बेकरीवाल्याची बायको कळवळली.

आणि पांढरी गाडी एकाएकी कडेला वळली. कठड्याला घासत, कर्कश आवाज करत थांबली. मी सुसाट निघालो. बाराव्या मिनिटाला दवाखाना गाठला. बेकरीवाला वाचला.

परतताना ती गाडी तिथेच दिसली. आज याची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून मी उतरलो. माणूस पांढराफटक पडला होता.

"उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची!"

"मी... मी वळवली नाही," तो पुटपुटला. "मागून एक बाई पुढे वाकल्या. स्टिअरिंग धरलं. हात असा गार... म्हणाल्या, यांना तरी जाऊ दे."

"कोण होतं मागे?"

"कोणीच नाही हो... मी एकटाच..."

मी मागचं दार उघडलं. भीती नाही वाटली, वाईट वाटलं. गेल्या वर्षी त्या शिवणकामवाल्या बाईंना दवाखान्यात पोचवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. आत औषधांचा वास कोंडला होता. सीटवर ऑक्सिजनचा मास्क पडला होता, नळी नसलेला. त्याच्या आतल्या बाजूला वाफ धरत होती... विरत होती... पुन्हा धरत होती.