पिवळी चादर

"पेशंट कुठे आहे?"

दारात उभा राहून तो धापा टाकत होता. शर्ट ओलाचिंब, पायात एकच चप्पल. बेटावरच्या आमच्या छोट्याशा दवाखान्यात त्या सकाळी खोकणाऱ्या एका आजोबांखेरीज कोणी नव्हतं, आणि तेही निवांत चहा पीत होते.

"कुठला पेशंट?" मी विचारलं.

"गच्चीवर लाल ब्लँकेट कोणी लावलं?"

"मी. वाळत घातलंय."

त्याने कपाळावर हात मारून घेतला. इथे वारा वाढला की मोबाइल मुके होतात. मग गच्चीवर लाल ब्लँकेट दिसलं, की त्याने लाँच घेऊन यायचं आणि पेशंटला पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. सगळ्या बेटाला हे ठाऊक होतं, फक्त कालच रुजू झालेल्या मला नव्हतं.

"लाल म्हणजे जिवावर बेतलंय, सिस्टर."

"आणि पिवळी चादर?"

त्याने शर्टाचं ओलं टोक पिळलं. "पिवळी म्हणजे... सिस्टरनी चहाला बोलावलंय."

"असं कोणी ठरवलं?"

"मीच. आत्ता."

आगाऊ कुठला! पण आठवड्याभरात पिवळी चादर वाळत पडलीच. मग पुन्हा... आणि पुन्हा. चादरी काही इतक्या मळत नाहीत, हे मलाही कळत होतं. पायरीवर बसून तो पाण्याकडे बघत बोलायचा, मी त्याच्याकडे बघत ऐकायचे. दवाखाना सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर शेजारून गालात हसत जायच्या.

एका दुपारी त्याने कप खाली ठेवला. "मोठ्या जहाजावर नोकरी मिळतेय. दोन वर्षं. उद्या पलीकडे जाऊन सही करायची."

"छान," मी म्हणाले. जिभेला काही हाड!

"छान?"

"मग काय म्हणू?"

"काही नाही..." चहा अर्धा टाकून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझं कशातच लक्ष लागेना. आजोबांचा ताप दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा विसरले. तेवढ्यात लाँच सुटल्याचा आवाज आला. लशी आणायला मोठ्या सिस्टरही त्याच फेरीला निघाल्या होत्या. मी गच्चीवर धावले. लाल ब्लँकेट घडी करून ठेवलेलं होतं. ते उलगडलं असतं, तर तो हमखास वळला असता. हात पुढे गेला... आणि मागे आला. अख्ख्या बेटाचा जीव ज्याच्या भरवशावर, ते मी माझ्या प्रेमासाठी कसं लावू? हो – प्रेमच!

खाली पळाले, रिकाम्या खाटेवरची पिवळी चादर ओढली आणि गच्चीवर दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. वाऱ्याने ती सारखी माझ्याच तोंडावर येत होती. लाँच लहान लहान होत गेली... आणि मग वळली.

तो जिना चढून आला. मागून मोठ्या सिस्टर, लशींची रिकामी पेटी कवटाळून.

"हा मागे बघतच नव्हता, मी दाखवली चादर," त्या म्हणाल्या. "मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जग आंधळं होत नाही. बोला आता पटकन, मला लशी आणायच्यात!"

"मला वाटलं होतं, लाल लावशील," तो हळूच म्हणाला.

"लाल खोटं लावायचं नसतं."

"आणि पिवळी?"

"ती पहिल्यापासून खरीच होती. आज चहा केलेला नाही. जाऊ नकोस – एवढंच सांगायचंय."

मग माझ्या हातातली चादर घेऊन त्याने कठड्याला दोन्ही टोकांनी घट्ट बांधली.

"सिस्टरना पलीकडे नेऊन आणतो," तो म्हणाला. "सही राहू दे. तू चहा टाकून ठेव."

लाँच परत येईपर्यंत मी ती चादर काढली नाही.