नंदिनीच्या लग्नाची कॅसेट

पद्मजा आणि पिराजी यांची पहिली भेट झाली तेव्हा पिराजी तिथं नव्हता. त्याची कॅसेट होती, आणि तिच्यावर चिठ्ठी होती – 'चि. सौ. कां. नंदिनी, शुभविवाह'.

सत्त्याऐंशी सालचा श्रावण. मे महिन्यात लागलेलं लग्न हंबीररावांच्या व्हिडिओच्या दुकानात 'मिक्सिंग चाललंय' या सबबीखाली अडकून पडलं होतं, ते एकदाचं सुटलं. राजारामपुरीतल्या घरी पद्मजाच्या वडिलांनी, दादांनी, भाड्याचा व्हीसीआर आणला, आईनं, म्हणजे माईंनी, चिवडा केला, आणि शेजारच्या शालूबाई आपली खुर्ची आपणच उचलून घेऊन आल्या. कॅसेट आत गेली आणि पडद्यावर ज्वाळा उठल्या.

"होम," शालूबाई म्हणाल्या.

"एवढा मोठा?" दादांनी चष्मा पुसून घेतला.

होम नव्हता. लोखंड वितळवायची भट्टी होती, आणि तिच्यापुढं केस वाढवलेली पोरं गिटार बडवत होती.

"ही आपल्याकडची नव्हेत," माई म्हणाल्या.

"मग मुलाकडची असतील."

"मुलाकडच्या एकेकाला मी हातानं वाढलंय. त्यांत ही नव्हती."

मग डोईवर पदर घेतलेली एक बाई पाठमोरी चालत गेली. शालूबाईंनी तिला वरमाय म्हणून ओळखलंसुद्धा. पडद्यावर एक गुलाब उमलला आणि त्याच्या पाकळ्यांत ड्रम वाजवणारा एक मिशीवाला दिसला. दोन कबुतरं उडाली. तरीही कुणाला शंका आली नाही, कारण हा गुलाब आणि ही कबुतरं त्या वर्षी कोल्हापुरातल्या प्रत्येक लग्नात होती. गाणारा पोरगा घसा फोडून म्हणत होता, "येणार म्हणून थांबलो नाही… थांबलोय म्हणून ये…"

"हल्ली मंगलाष्टकं बदलली वाटतं," दादा म्हणाले.

गाणं संपलं. कॅमेरा बंद करायचं मात्र कुणीतरी विसरलं होतं. मलकापूर रस्त्यावरचा एसटीचा थांबा, एक बाकडं, आणि तोच गाणारा पोरगा – आता दमलेला. त्यानं खिशातून रुमाल काढला, बाकडं पुसलं. स्वतः बसायचं तिथलं नव्हे, शेजारचं. मग तो कडेला बसला, आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

सगळे पोट धरून हसले. पद्मजा हसली नाही.

"ते शेवटचं जरा परत लावा," ती म्हणाली.

पद्मजा मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि रविवारी चित्ररसिक मंडळात बसायची. बेडूक असो की चित्रपट, पोट उघडून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आता कोल्हापुरात चित्रपटावर मत नसलेला माणूस मिळणं कठीण, कारण ज्यातल्या कुणीच कधी स्टुडिओत खुर्ची उचलली नाही असं घर मिळणं कठीण. पण पद्मजाचं मत खरं असायचं, आणि ती ते समोरच्याला सांगायची. घोटाळा तिथंच होता. पहिल्या स्थळानं 'माझा फोटो कसा वाटला' विचारलं. ती म्हणाली, फोटोग्राफरनं मेहनत घेतली आहे. दुसऱ्यानं स्वतःची कविता म्हणून दाखवली. तिनं दुसऱ्या कडव्याची गरज काय, एवढंच विचारलं. दोघेही पोहे अर्धे टाकून उठले. शेवटी धाकट्या नंदिनीचं लग्न आधी झालं आणि ती मलकापुरात नांदायलासुद्धा गेली.

आता पुढच्या रविवारी गारगोटीहून त्र्यंबकराव यायचे होते. बँकेत साहेब.

"खरं बोलू नको असं मी म्हणत नाही," माई चिवड्याचा डबा बंद करत म्हणाल्या. "पण एक रविवार गप्प बस. बोलायला पुढं आयुष्य पडलंय."

"पुढं आयुष्यभर ऐकून घेणारा हवा ना, माई. जो खरं ऐकून उठणार नाही, त्याच्याशीच करीन. नाही मिळाला तर बेडूक आहेतच."

तिनं हे इतक्या शांतपणे सांगितलं की माईंनी डबा पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद केला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती कॅसेट बदलायला शाहूपुरीत गेली. पाऊस बारीक, पण चिकाटीचा. हंबीररावांच्या पत्र्यावर तो एकसारखा वाजत होता. दाराशी पडद्यावरचा तोच गाणारा पोरगा उभा होता. केसांतून पाणी निथळतंय, आणि शर्टाच्या आत पोटाशी काहीतरी जपून धरलेलं.

त्यानं ते बाहेर काढलं. कॅसेटच होती.

"तुमचं लग्न लई लांबलंय, बाई," तो म्हणाला.

"माझं नाही. बहिणीचं."

"मग बरं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून हंबीररावांकडं बघायला लागला. हंबीरराव जाणूनबुजून वायरी गुंडाळत होते.

"तुम्ही बघितलंत सगळं?" पद्मजानं विचारलं.

"बघितलं की. तुमी हिरवी साडी. समदी अक्षता टाकत हुती, आन् तुमी भटजीच्या मागचा पडदा बघत हुता. त्याची टाचणी सुटलीती."

टाचणी सुटल्याचं त्या मांडवात फक्त आपल्यालाच दिसलं, असा पद्मजाचा समज होता.

"तीन तासांच्या लग्नात तुम्ही टाचणी बघितलीत?"

"दुसऱ्यांदा बघताना दिसली."

"दोनदा बघितलंत?"

"पयल्यांदा चुकून."

"चूक एकदा होते," पद्मजा म्हणाली. "दोनदा झाली की तिला शैली म्हणतात."

तो हसला. हसताना त्याच्या भुवईतली भट्टीची काजळी हलली. शिरोली एमआयडीसीत तो फाउंड्रीत कामाला होता, आणि पाळी सुटली की त्याच्या चौघांचं 'भट्टी' नावाचं वाद्यवृंद प्रकरण सुरू व्हायचं. गाणी स्वतःची, चाली स्वतःच्या, आणि ऐकणारे बहुतेक वेळा तेही स्वतःच. आता या गाण्याची फिल्म मुंबईला टीव्हीवाल्यांकडं पाठवायची होती.

"तुमच्या घरी बघितली असंल," तो जरा थांबून म्हणाला. "कशी… वाटली?"

"खरं सांगू?"

"खोटं ऐकायला हंबीरराव हाईत की."

"बघा," हंबीरराव वायरींना म्हणाले. "फुकटात गुलाब दिला ह्येंला."

पद्मजानं आणलेली कॅसेट दुकानातल्या प्लेअरमध्ये गेली. तिनं ओली छत्री कोपऱ्यात ठेवली आणि पदर खोचला. वर्गात बेडकाचा ट्रे समोर आला की ती असाच खोचायची.

"ही तुमची नायिका. तालमीत जाते का?"

पिराजीनं खाली बघितलं. "बाळासो हाय त्यो. आमचा ड्रमवाला. पोरगी मिळाली न्हाय, म्हून लुगडं नेसवलं."

"पाठीमागून घेतलंत ते शहाणपण केलंत. पण चाल आखाड्यात उतरल्यासारखी आहे. बरं, ते सोडा. गाणं काय म्हणतं? थांबलोय. आणि तुम्ही थांबलाय कुठं? हे भट्टीपुढं. हे मोटारसायकलवर. हे पन्हाळ्याच्या बुरुजावर. थांबलोय म्हणणारा माणूस अर्धा मिनिट एका जागी उभा राहत नाही. मग त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"गाणं जोरातलं हाय, म्हून…"

"गाणं जोरात असू दे. म्हणून माणूस पळायला कशाला हवा? आत भट्टी पेटलीये आणि वरून माणूस गप्प बसलाय, हेच तर तुमच्याकडं होतं. आणि शेवटी ती धावत येते. का येते? गाणं 'ये' वर संपतं. ती आलेली नाही. तुम्हाला भीती वाटली, लोकांना रिकामं वाटेल म्हणून. म्हणून बाळासोंना पळवलंत."

पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा वाटायला लागला. पिराजीचे कान लाल झाले – आधी पाळ्या, मग सगळे. त्यानं बटण दाबलं, कॅसेट काढली, शर्टाच्या आत घातली आणि दाराकडं वळला.

पद्मजाला ते वळणं ओळखीचं होतं. पोहे अर्धे टाकून उठणारा माणूस अगदी असाच वळतो.

"आणि तो रुमाल," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "गाणं संपल्यावर बाकडं पुसता ते…"

"ते चुकून राहिलंय," तो न वळता म्हणाला.

"तेवढंच खरं आहे त्यात."

तो क्षणभर उंबऱ्यावर थांबला. मग पावसात गेला.

"बाई," हंबीरराव म्हणाले, "पोराला रडवलासा की."

पद्मजानं छत्री उचलली. नंदिनीची कॅसेट तिथंच लावून बघितली तर पाटीवर नवऱ्याचं नावच चुकलं होतं, ते दुरुस्त करून रविवारपर्यंत घरी पोचवायला तिनं बजावलं आणि ती निघाली. त्या आठवड्यात ती वर्गात दोन मुलींवर उगाच डाफरली. रस्त्यातलं प्रत्येक बाकडं तिच्या डोळ्यांत भरायला लागलं. जे बोलली त्यातला एक शब्दही मागं घ्यावा असं तिला वाटेना. फक्त रुमालाचं आधी सांगायला हवं होतं… एवढंच राहून राहून वाटत होतं.

रविवार उजाडला. त्र्यंबकराव आले, त्यांचे आई-काका आले. माणूस वाईट नव्हता, भांग सरळ होता. पद्मजानं चहा दिला, साखर पुरे का विचारलं, आणि माईंच्या डोळ्यांनी सांगितलं त्याप्रमाणे गप्प बसली. पोहे निम्म्यावर आले, कुणी उठलं नाही. दादांना इतका धीर आला की ते म्हणाले, "नंदिनीचं लग्न बघू या थोडं. सकाळीच कॅसेट आली. लांब केसांचा एक मुलगा देऊन गेला. भिजला होता, पण चहा नको म्हणाला."

पद्मजानं आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली.

कॅसेट आत गेली. ज्वाळा नाहीत, गुलाब नाही, कबुतरं नाहीत. एक बाकडं. त्याच्या कडेला पिराजी बसलेला. मागं पाऊस आणि ओला रस्ता. गिटार कडाडत होत्या, ड्रम घुमत होते, आणि तो हलत नव्हता. एसटी आली, लोक उतरले, त्याच्याकडं बघत गेले. मधूनच भट्टीतला लाल रस दिसायचा, की पुन्हा तो आणि बाकडं. "येणार म्हणून थांबलो नाही…"

"हे कुणाचं लग्न म्हणायचं?" त्र्यंबकरावांच्या काकांनी विचारलं.

"चुकून आलंय," दादा घाईनं उठले. "बंद करतो."

"राहू द्या, दादा," पद्मजा म्हणाली.

माईंनी डोळे मोठे केले. पद्मजानं ते बघितले, आणि पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"पण यात काही घडतच नाही," काका म्हणाले.

"घडतंय की. ती बस गेली तेव्हा तो उठला नाही, बघितलंत? आधीच्या फिल्ममध्ये तो सारखा उठायचा. आता गाणं त्याच्या आत पेटलंय, म्हणून त्याला बाहेर पळावं लागत नाही. आणि आता बघा… आता रुमाल काढेल."

त्यानं रुमाल काढला. शेजारची जागा पुसली. "…थांबलोय म्हणून ये." कुणीही धावत आलं नाही. रिकाम्या जागेवर चित्र थांबलं, आणि मुंग्या आल्या.

त्र्यंबकरावांनी बशी खाली ठेवली. त्यातले पोहे संपले होते.

"मला काही ते कळलं नाही," ते सरळपणानं म्हणाले. "पण तुम्हाला कळलं, ते दिसलं."

पद्मजानं त्यांना मनापासून नमस्कार केला आणि कॅसेट काढून घेतली. "मी बदलून आणते."

"आत्ता?" दादा म्हणाले.

"जाऊ द्या तिला," माई म्हणाल्या. "नंदिनीचं लग्न परक्याच्या घरी किती दिवस ठेवायचं?" आणि त्यांनी पाहुण्यांना आणखी चहा विचारला.

दुकान बंद होतं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, जसं श्रावणात पडतं. दुकानाच्या फळ्यांबाहेरच्या बाकड्यावर, अगदी कडेला, पिराजी बसला होता. मांडीवर नंदिनीची कॅसेट. तिला बघून तो उठायला लागला, मग न उठताच बसला.

"कॅसेट बदलली जणू," तो म्हणाला. "चूक झाली."

"पहिल्यांदा हंबीररावांकडून. आणि दुसऱ्यांदा?"

तो रस्त्याकडं बघत राहिला. "दुसऱ्यांदा… शैली."

पद्मजानं हसू दाबलं. "त्या दिवशी उठून का गेलात?"

"उजेड चालला हुता की. तुमी बोलला ते ध्यानात हाय तवर थांब्यावर पोचाय पायजे हुतं."

"आणि कान लाल कशानं झाले?"

"रागानं," तो म्हणाला. "राग तर आला. राग आल्यावर काम करू ने असं कुठं हाय?"

राग येऊनही माणूस ऐकलेलं कामी आणतो. पद्मजाला ही बातमीच होती.

"गाण्यातली ती कोण?" तिनं विचारलं.

"गाणं लिवलं तवा कुणीच न्हवतं. जागा तेवढी ठिवलीती."

"आणि आता?"

पिराजीनं तिच्याकडं सरळ बघितलं. भुवईतली काजळी आज धुतलेली होती. "आता हिरवी साडी," तो हळूच म्हणाला. "दादांनी आडनाव इचारलं सकाळी. सांगितलं. त्येनी चहा इचारला, त्यो न्हाय घेतला. पुढच्या खेपंला घ्यायचा इचार हाय."

"दादांना वेळ लागेल."

"लागू दे. थांबायचं आता शिकलोय."

तिनं कॅसेट दुसऱ्या हातात घेतली. बोलावं की नाही याचा एकदा विचार केला, आणि माईंचा सल्ला तिथंच शाहूपुरीच्या चिखलात सोडून दिला.

"एक सांगू? दुसऱ्या कडव्यात तुम्ही घड्याळ बघता. ते नको होतं. जो खरा थांबतो तो घड्याळ बघत नाही. आणि भट्टी तीनदा येते, तिथं एकदाच पुरली असती. आणखीही आहे…"

पिराजीनं खिशातून रुमाल काढला आणि शेजारची जागा पुसली.

"बसून सांगा," तो म्हणाला.

ती बसली, आणि सांगायला लागली. त्याचे कान लाल झाले – आधी पाळ्या, मग सगळे – पण तो उठला नाही.