रणातला बदली

पंडित माळी त्या रात्री गाडीतून उतरला तो फक्त चहाचा थर्मास पोचवायला. तारीखच सांगतो, नाहीतर म्हणाल लोटूआबा फेकतात. अठरा जानेवारी, दोन हजार सव्वीस. रविवार. पौषातली अमावास्या. घड्याळात साडेनऊ.

अमोल, तू आणि कविता पुढच्या हिवाळ्यात कच्छच्या रणात गाडी घेऊन राहायचं म्हणताय ना? खुशाल जा. जागा सोन्यासारखी आहे. दोष जागेचा नव्हताच. पण आधी हे ऐका.

पंडित आपल्या लिंबायत वस्तीतला, मूळचा अमळनेरकडचा. चौतीस वर्षं यंत्रमागावर काढली आणि त्या खडखडाटात निम्मे कान घालवले. त्याच्याशी बोलायचं तर तोंड समोर करून, ओठ हलवून बोलावं लागतं. फिरायला जाणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. लग्नाला नाहीतर मयताला गावी जायचं, एवढाच त्याचा प्रवास.

भूपेंद्र त्याचा दोस्त. शेजारच्या मागावरचा. तीस वर्षं एका डब्यात जेवले दोघं. पंडितच्या पोरीच्या लग्नात मांडवाचे खांब भूपेंद्रनं रोवले होते. काम सुटल्यावर त्यानं एक जुनी शाळेची बस घेतली, सीटा काढल्या, दोन पलंग आणि गॅसची शेगडी बसवली. पंडितला म्हणाला, "मरेपर्यंत भिंतीच बघायच्या का रे? चल, महिनाभर रणात राहू."

पंडितची बायको मंगलाबाई तेवढी कुरकुरली. "त्या सुपडूलाही यानंच नेलं होतं."

खरं होतं ते. सुपडू त्यांच्याच कारखान्यातला. तीन वर्षांपूर्वी भूपेंद्रबरोबर रण बघायला गेला, तो आलाच नाही. भूपेंद्र एकटा परतला. म्हणाला, सुपडू मुंद्र्याला बंदरावर कामाला लागला, त्याला घराचा वीट आला होता. सुपडूची बायको रजनी रडली, नवऱ्याला शिव्या घातल्या, मग गप्प झाली. सगळ्यांनी विश्वास ठेवला. पंडितनंही. दोस्ताचा शब्द होता.

तर गेले दोघं. रणाच्या काठावर अशा राहत्या गाड्यांसाठी एक मैदान आहे. विजेचे खांब, पाण्याची टाकी, न्हाणीघरं, सगळी सोय. शेजारच्या गाडीत वडोद्याचे निवृत्त मास्तर, धर्मेंद्रभाई आणि त्यांची बायको. सकाळी सगळे मिळून ऊन खात बसायचे. पंडित आणि भूपेंद्रनं धोळावीरा पाहिलं, काळ्या डुंगरावर कोल्ह्यांना प्रसाद खायला येताना पाहिलं, मांडवीच्या समुद्रात पाय भिजवले. भुजोडीला पंडितनं मंगलाबाईसाठी लोकरी शाल घेतली. फोनवर ओरडून सांगायचा, "अगं, मीठच मीठ! पांढरं! क्षितिजापर्यंत!" साठीचा माणूस पोरासारखा हरखला होता.

एकच गोष्ट त्याला खटकायची. अंधार पडला की भूपेंद्र रणाकडच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा. आणि तारखा मोजायचा.

अमावास्येच्या रात्री मात्र तो स्वतःच उठला. "मिठावर खुर्च्या मांडतो. चांदण्या बघू. तू चहा घेऊन ये मागून."

पंडित थर्मास घेऊन निघाला. मैदानातले दिवे मागे राहिले. पायाखाली मीठ करकरत होतं, म्हणजे त्याच्या तळव्यांना कळत होतं. खुर्च्या दिसल्या. दोन. दोन्ही रिकाम्या.

भूपेंद्र बराच पुढे उभा होता, पायाशी कंदील ठेवून. पाठमोरा.

पंडित हाक मारणार, तेवढ्यात त्याला ऐकू आलं.

पोरांनो, कानाशी ओरडल्याशिवाय ज्याला ऐकू येत नाही, त्याला ऐकू आलं. लांबून. हळू आवाजातलं. अगदी स्वच्छ.

"बदली उना का, भूपेंद्र?"

आपली अहिराणी. आवाज ओळखीचा. आपल्याकडं पाळी संपली की कामगार मागाजवळ उभा राहून असंच विचारतो. माझ्या जागी उभा राहणारा आला का?

भूपेंद्रच्या पुढं कुणी नव्हतं. नुसतं मीठ.

"उना," भूपेंद्र म्हणाला. तेही पंडितला तसंच स्वच्छ ऐकू आलं. आवाज रडवेला होता. "लई उनू त्याले. चिखलमा तू रुतना, मी घाबरीसन पळनू. चूक व्हयनी. तीन वरीस झोपू देत नहीस तू. आते माले सोड, भो."

‘घेऊन आलोय त्याला’ म्हणजे आपल्यालाच, हे पंडितला कळलं आणि हातातला थर्मास पडला.

भूपेंद्र वळला. पंडितला पाहून... हसला. रोज डबा उघडताना हसायचा तसाच. "ये ना," म्हणाला. "पुढं ये. काही नाही होत."

पंडित मला म्हणाला, "लोटूभाऊ, त्या आवाजाची भीती नंतर वाटली. आधी ते हसणं..."



मग तो आवाज पुन्हा आला. या वेळी अगदी जवळून. कानाशी.

"पंडित."

पंडितनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"पंडित... तू घर जाय."

थंडी नव्हे, ओलसर काहीतरी अंगाला घासून पुढं गेलं. भूपेंद्रच्या दिशेनं. भूपेंद्रचं हसू तसंच राहिलं. ओठ हलले. पंडितला ओठ वाचता येतात.

"माले नही... त्याले... त्याले..."

मग भूपेंद्र चालू लागला. आत. रणात. हात असा पुढं करून. कुणी धरून नेल्यासारखा.

पंडित पळाला. धर्मेंद्रभाईंचं दार दोन्ही हातांनी बडवलं. रात्रभर त्यांच्या गाडीत बसून होता.

सकाळी लोक गेले, पोलीस गेले. दोन खुर्च्या होत्या. भूपेंद्र नव्हता. अजून नाही. कागदावर लिहिलंय, वाट चुकून बेपत्ता.

पंडित लिंबायतला आला तो घरी गेला नाही, सरळ माझ्याकडं आला. म्हणाला, रजनीला सांगायला हवं, एकट्यानं धीर होत नाही. गेलो आम्ही. पंडितनं उभ्यानंच सांगितलं, की सुपडू तुला टाकून गेला नव्हता. त्याला टाकलं गेलं होतं.

रजनी रडली नाही. तिनं विचारलं, "कोणत्या रात्री झालं हे?"

"अमावास्येच्या. रविवारी."

ती उठली, आत गेली, पेलाभर पाणी घेऊन आली. मला वाटलं, पंडितसाठी. तिनं पेला माझ्या हातात दिला.

"सोमवारी उठले तर माठ अर्धा झाला होता, कुणी तहानलेलं पिऊन गेल्यासारखा. घरात मी एकटी. झाकण जागच्या जागी. उरलेलं पाणी फेकलं, माठ नवा आणला, म्युनिसिपालटीच्या नळाचंच भरलं. शेजारीण त्याच नळाचं पिते, तिचं गोड आहे. तुम्ही चाखून बघा, भाऊ."

मी एक घोट घेतला.

खारट होतं.