रॅकवरची जड बॅटरी

हे घडलेलं आहे. यात वाढवून काही सांगितलेलं नाही. जे कळलं नाही, ते कळल्याचा आवही आणलेला नाही.

वेळ रात्रीची नव्हती. १९९७ सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, भर दुपार. ठिकाण सुरतेतलं डिंडोली, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची एक गल्ली. योगराजचं घर त्या गल्लीतलं शेवटचं.

त्या दिवशी घरात दोनच माणसं होती. योगराज आणि त्याची आई, प्रमिलाबाई. बायको गायत्री सणाला माहेरी गेली होती. अर्धी गल्लीच खानदेशात, आपापल्या गावी गेली होती.

प्रमिलाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गळ्याला भोक, भोकात नळी, श्वास त्या नळीतून. बोलणं बंद. काही सांगायचं तर पाटीवर लिहायच्या. नळीत कफ साठला की विजेच्या मशीनने तो ओढून काढायचा. कफ मशीनच्या काचेच्या बाटलीत जमायचा. ओढला नाही तर काही मिनिटांत खेळ संपला. डॉक्टरांनी हे योगराजला तीनदा बजावलं होतं.

म्हणून त्याने इन्व्हर्टर घेतला. राहिला प्रश्न बॅटरीचा.

कडोदऱ्याला गॅरेजमध्ये असलेला त्याचा साडू ट्रकची बॅटरी द्यायला तयार होता. पण गल्लीच्या तोंडाशी भिकनचं बॅटरीचं दुकान होतं, आणि भिकन त्याच्याच तालुक्यातला.

"ट्रकची नको रे भो," भिकन म्हणाला. "ती एकदा जोरात धक्का देते, इंजिन चालू होतं, मग इंजिनच तिला भरतं. तुझी माय काय इंजिन आहे?"

"मग कोणती घेऊ?"

"ट्यूबलर. सावकाश देते, पण तासन्‌तास देते. उचलून बघ. जी जड, ती टिकणार."

योगराजने उचलली. कमरेतून कळ निघाली.

"घ्या," भिकन हसला. "बॅटरी भरायच्या आधी गिऱ्हाईकच डिस्चार्ज."

नव्या बॅटरीचं पहिलं चार्जिंग दोन दिवस सावकाश करावं लागतं. घाई केली की ती कायमची कच्ची राहते. तेवढ्या दिवसांसाठी दुकानातली एखादी जुनी बॅटरी गिऱ्हाइकाला वापरायला द्यायची रीत होती. तिला सर्विसची बॅटरी म्हणत.

आखाजीच्या सकाळी योगराज ती आणायला गेला. भिकन कामासाठी चलथाणच्या साखर कारखान्यावर गेला होता. त्याची बायको उषाबाई मागच्या खोलीत पुरण वाटत होती.

"रॅकवर दोन बॅटऱ्या शेतस. एक ली जा भाऊ," ती आतूनच म्हणाली. "त्यातलं मले काही कळत नाही."

योगराजने दोन्ही उचलून पाहिल्या. एक हलकी. एक जड.

त्याने जड घेतली.

तिच्या बाजूवर लाल रंगाने नाव लिहिलं होतं. निंबा.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लूम थांबले.

सुरतेत लूमचा खडखडाट कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो थांबला की मात्र माणूस दचकतो.

इन्व्हर्टर चालू झाला. मशीन चाललं. योगराजने श्वास सोडला. बाहेर कोणीतरी सांगत गेलं, ट्रान्सफॉर्मर जळालाय, संध्याकाळ होईल.

उकाड्याने कफ वाढला. दर दहा मिनिटांनी मशीन लावावं लागत होतं.

तीनच्या सुमारास त्याला घरघर ऐकू आली... ओली, अडकलेली. तो मशीनची नळी घेऊन मायकडे वळला.

मायचा गळा मोकळा होता.

घरघर कोपऱ्यातून येत होती... बॅटरी ठेवलेल्या कोपऱ्यातून.

तो जवळ गेला. घरघर थांबली.

तो मागे फिरला. पुन्हा सुरू झाली.

साडेतीनला इन्व्हर्टर ओरडायला लागला. बॅटरी संपत आल्याचा इशारा. मशीनचा आवाज जड झाला. मायला रिक्षात घालावं तर दवाखाना पाऊण तासावर, आणि वाटेत मशीन नाही. भिकनच्या दुकानातून दुसरी बॅटरी आणावी तर तिला एकटं सोडायचं. त्याने दारात उभं राहून हाका मारल्या. शेजारच्या चारही दारांना कुलपं होती.

मागे पाटीवर खडू वाजला.

मायने लिहिलं होतं, "त्याले बी लाव."

"कोणाला, माय?"

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तिथे कोणी नाही."

तिने पाटी पुसली. पुन्हा लिहिलं... "आधी त्याले."

तिच्या गळ्यात आता कफ दाटला होता. ओठ काळवंडले होते. उरलेली एक-दोन मिनिटांची वीज म्हणजे मायचा श्वास. ती रिकाम्या भिंतीवर घालवायची? त्याने नळी तिच्या गळ्याकडे नेली. तिने हात धरून ढकलला. तीन महिने अंथरुणावर असलेल्या बाईत एवढा जोर असणं शक्य नव्हतं.

तो रडत रडत कोपऱ्यात गेला. बॅटरीच्या वर, हवेत नळी धरली.

मायने हाताने खूण केली. अजून वर.

बसलेल्या माणसाचा गळा जिथे येईल, तिथे...

नळी चिकटली.

ओल्या मांसाला चिकटते तशी. बाटलीत सर्रकन आवाज झाला. पातळी बोटभर चढली.

घरघर थांबली. इन्व्हर्टरचं ओरडणं थांबलं. मशीन खणखणीत चालायला लागलं.

त्याने नळी स्वच्छ केली आणि मायला लावली. मग सव्वासातला लाइट येईपर्यंत तो तेच करत राहिला. एक पाळी मायची, एक कोपऱ्यातल्याची.

चलथाणहून परतलेला भिकन उषाबाईकडून कळताच धावत आला. बॅटरी बघून तो दारातच थांबला.

"ही का आणलीस?"

"जड होती."

भिकनने झाकणं उघडून ॲसिड मोजून पाहिलं. "हिचा एक सेल मेलेला आहे. भंगारात द्यायला काढली होती. हिच्यावर तुझं मशीन पाच मिनिटं चालणार नाही."

"निंबा कोण?"

भिकनने झाकणं परत लावली.

"पलीकडच्या गल्लीतला लूमवाला. एकटाच राहायचा. त्याच्याही गळ्यात नळी होती. माघात लाइट गेली, तेव्हा हीच बॅटरी होती. पुरली नाही. त्याची घागर भरायलाही कोणी नाही."

खानदेशात आखाजीला मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. योगराजने त्या संध्याकाळी भरली. कोपऱ्यात ठेवली.

सकाळी घागर रिकामी होती. फरशी कोरडी होती.

जुनी बॅटरी भंगारात गेली. नवी ट्यूबलर आली, उत्तम चालली. तरी लाइट गेली की माय आधी कोपऱ्याकडे बोट दाखवायची. चार वर्षांनी ती गेली, तेव्हा लाइट होती. मशीनही चालू होतं.

योगराज अजून त्याच घरात राहतो. गायत्रीला यातलं काही विचारलं तर ती उठून आत जाते. घरात आता कोणी आजारी नाही. मशीन मात्र त्याच कोपऱ्यात पुसून ठेवलेलं असतं, शेजारी मायची पाटी.

अलीकडे तो नवी बॅटरी घ्यायला गेला. त्याने दुकानातली सगळ्यात जड उचलून बाजूला ठेवली. दुकानदार म्हणाला, एका मशीनला एवढी मोठी कशाला?

योगराज म्हणाला, "माणसं दोन आहेत."