पकड्याचं पान

"तू मला पकडायला येशील का?"

हे मी विचारलं. चर्चच्या मेपलखाली, एका अनोळखी मुलाला, तो मक्याचं कणीस खात असताना. माझ्या मैत्रिणींनी, जोनेल आणि टेसनं, पैज लावली होती, आणि यंदा मी कुठल्याच पैजेला नाही म्हणत नव्हते.

तो कणसावरून माझ्याकडे बघत राहिला. "का? काय चोरलंयस?"

"स्वतःला."

मग सांगितलं. दर सप्टेंबरला बाहेरगावी गेलेले सगळे आमच्या गावी परततात, आणि मुलांसमोर एक चित्रांचं पुस्तक वाचलं जातं. गुलामीतून पळालेली हेस्टर नदी ओलांडून इकडे, कॅनडात, कशी पोचली त्याचं. हेस्टर आमची पूर्वज, म्हणून तिची पानं आमच्याच घरातलं कुणीतरी वाचतं. यंदा मी. पण एक पान तिला धरायला आलेल्या माणसाचं असतं. पकड्याचं. ते कुणीच वाचत नाही. आत्या चटकन उलटून टाकते.

"मग मुलं विचारतात, ती पळतेय कशाला?" मी म्हटलं.

"म्हणजे गावातला सगळ्यात नावडता माणूस मी व्हायचं!"

"पाचच मिनिटं. वर पीच-केक."

"तू केलेला?"

"आईनं."

"मग चालेल." तो हसला. एकाच गालाला खळी... नाव ऑरिन, डेट्रॉइटचा.

त्यानं वाचलं. आवाज जराही न चढवता. "एक मुलगी पाहिलीत का? ती माझ्या मालकाची आहे."

मग एकेक पोर उठलं आणि मला लपवायला माझ्या अंगावर येऊन बसलं. कुणी स्वेटर टाकले. माझी पाच वर्षांची चुलतबहीण मेबल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाही पाहिली. जा तू!"

मोठी माणसं हसली. स्वेटरांखाली मीही.

पण नंतर त्यानं केकची ताटली पुढे केली, तर मेबल माझ्यामागे लपली.

"अगं, ते पुस्तकातलं होतं."

"आवाज तर हाच होता."

ऑरिननं ताटली गवतावर ठेवली. "पुढच्या वर्षी मी डेट्रॉइटलाच बरा." हसला, पण खळी पडली नाही.

मी शेजारी बसून त्याच्याच ताटलीतलं खायला लागले.

"आमच्यातलाही एक पळाला होता," तो म्हणाला. "जोसाया. त्याचं चित्र कुणी काढलं नाही."

"अजून."

गवतात त्याच्या करंगळीला माझी करंगळी लागली — कुणीच हात मागे घेतला नाही.

संध्याकाळी आई-बाबा भांडी पुसत होते.

"पुढच्या वर्षी हेस्टरची पानं ऑरिन वाचेल," मी म्हटलं.

आईचा हात थांबला. "विनी, ती आपल्या घरची आहेत."

"म्हणून तर मला देता येतात."

"येणार आहे का तो?" बाबांनी विचारलं.

"हो म्हणालाय. या वेळी मी पैजेशिवाय विचारलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आणि तू काय करणार?" आई म्हणाली.

"आता स्वेटर त्याच्यावर पडायला हवेत, आई. पकड्याचं पान मी वाचणार."