ज्या दाताला चिठ्ठी नव्हती

खोटं वाटलं तर वाटू दे. माझ्या उजव्या तर्जनीवर सात टाक्यांचा व्रण आहे, तो काय मी हौसेने करून घेतलाय?

डिसेंबर २०२२, दुसरा शनिवार. भर दुपारचे तीन. जागा, ठाण्यात वागळे इस्टेटजवळचं एक डेंटल कॉलेज. नाव सांगणार नाही, अजून तिथेच नोकरी करते.

मी दीप्ती. तिथल्या लॅबमध्ये टेक्निशियन. दातांच्या आणि तोंडातल्या मांसाच्या स्लाइड बनवते. माझी भाची ऋतिका त्याच कॉलेजात फर्स्ट इयरला होती. शहाडला माझ्याकडेच राहते.

फर्स्ट इयरच्या पोरांना काढलेला दात स्वतः शोधून आणावा लागतो. मग तो ओल्या दगडावर दोन्ही बाजूंनी घासायचा, कागदाइतका पातळ होईपर्यंत. काचेवर चिकटवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. त्या एका दातासाठी ही पोरं दवाखान्यांचे उंबरठे झिजवतात. आमची ऋतिका खोपटपासून कल्याणपर्यंत फिरून आली आणि काय आणलं? तीन किडके. दगडाला लावले की भुगा.

सोमवारी सबमिशन होतं.

"मावशी, प्लीज ना गं! नापास झाले तर आई मला घरी बसवेल."

"मग इतके दिवस काय झोपा काढत होतीस?" मी जाम भडकलेले. पण रंभाताईने, म्हणजे तिच्या आईने, पोर माझ्या भरवशावर पाठवलेली. आणि माझा जीव होता हो तिच्यावर.

कपाटात मागे एक बाटली होती. आत एकच दात. वरचा, समोरचा. पांढराशुभ्र.

बाटलीवर चिठ्ठी नव्हती...

आमच्याकडे प्रत्येक दाताची चिठ्ठी असते. बाई की पुरुष, वय किती, कुणी काढला. माझ्या आधीचे टेक्निशियन भगवानकाका रिटायर होताना बजावून गेलेले, "दीप्ती, चिठ्ठी नसलेला दात घासायचा नाय." का, ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मी तोच दात बाहेर काढला. वर स्वतःच घासायला बसले, कारण हिच्या हातात दिला तर ही मोडणार.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. डॉक्टरने दात काढला की त्यावर पकडीचे ओरखडे राहतात. याच्यावर एकही नव्हता.

हा कुणीतरी मारून पाडलेला दात होता.

सुट्टीचा दिवस, लॅबमध्ये आम्ही दोघीच. ती खिडकीजवळ मायक्रोस्कोपला डोळा लावून. मी बेसिनपाशी, तिच्याकडे पाठ करून.

कर्र... कर्र... कर्र...

एक बाजू झाली. दात उलटा केला, थोडा घासला. हात भरून आला म्हणून थांबले.

कर्र... कर्र...

माझा हात थांबलेला होता.

आवाज मागून येत होता...

"ऋतिका, दात काय खातेस गं?"

कर्र... कर्र...

मी वळले. ती स्टुलावर ताठ बसलेली. तोंड घट्ट मिटलेलं. जबडा पुढे-मागे, पुढे-मागे. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि ओठांच्या कोपऱ्यातून... रक्त.

मी धावले. तिचे ओठ जरासे फाकले आणि मला दिसलं. जीभ दातांमध्ये सापडलेली.

"सोड! ऋतिका, सोड!"

जबडा आवळतच चाललेला. तुटणार होती पोरीची जीभ. मी विचार केला नाही. गालाच्या बाजूने तर्जनी घातली तिच्या दातांमध्ये.

ती चावली.

आईशप्पथ सांगते, तो जोर अठरा वर्षांच्या पोरीचा नव्हता. माझ्या हाडावर दात घासले जात होते आणि ते मला खांद्यापर्यंत जाणवत होतं. मी किंचाळले. तिच्या थोबाडीत मारली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मूठ वळून तोंडावर. माझ्याच भाचीच्या! सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिसऱ्या ठोशाला जबडा सुटला. ती खाली कोसळली.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, फिट आली असेल. तिच्या तोंडातून त्यांनी चिमट्याने मांसाचा तुकडा काढला, वाटाण्याएवढा.

"तुमच्या बोटाचा दिसतोय."

"द्या इकडे, मी बघते," मी म्हटलं.

सोमवारी लॅबमध्ये गेले. दगड कोरडा होता. त्यावरचा दात गायब. सगळी लॅब पालथी घातली, नाही सापडला.

मग त्या तुकड्याची स्लाइड केली. मेणात बसवला, कापला, रंगवला. अकरा वर्षं हेच काम करतेय मी.

ते बोट नव्हतं.

वर बारीक बारीक उंचवटे. त्यांच्या कडेला चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके. खाली लाळेच्या ग्रंथी. आणि स्नायूंचे धागे तीन दिशांनी एकमेकांत विणलेले. असे स्नायू तोंडात एकाच ठिकाणी असतात...

ती जीभ होती.

घरी जाऊन ऋतिकाचं तोंड टॉर्च लावून पाहिलं. जिभेवर दातांचे वळ होते, पण जीभ अख्खी होती. कुठे काही तुटलेलं नव्हतं. वेड्यासारखी आरशासमोर उभी राहून माझी स्वतःचीही बघितली.

मग हा तुकडा कुणाचा? ज्याने तो दात मारून पाडला, त्याचा?

भगवानकाकांना फोन केला. सगळं सांगितलं.

"पोरगी बरी हाय ना?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि फोन ठेवला. नंतर त्यांनी माझा फोन उचललाच नाही.

ऋतिकाला काही आठवत नाही. ती बरी झाली, सबमिशनला मुदत मिळाली, पासही झाली. ताई रोज फोनवर विचारते, "पोर नीट आहे ना गं?" मी सांगते, एकदम मस्त आहे.

पण ऋतिका बोलायला लागली की मी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसते. झोपताना मधल्या दाराला कडी लावते. तिच्या ते लक्षात आलंय.

परवा जेवताना तिने मान खाली घालून विचारलं, "मावशी, तू मला आता जवळ का घेत नाहीस?"

मी टेबलापलीकडूनच तिच्या ताटात भात वाढला आणि व्रणाचं बोट पटकन मागे घेतलं.